पत्त्यावर राहत नाही

माझी सोयरीक आली तेव्हा माझ्या आईनं मुलगा काळा की गोरा ते विचारलं नाही, जमीन किती तेही विचारलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "पोरीला कोयता धरावा लागंल का?" सोयरीक आणणारे मामा म्हणाले, "न्हाई बाई. मुलगा सहकारी कारखान्यात पर्मनंट हाय. पॅनवर." पॅन म्हणजे काय ते आईला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण कोयता नाही एवढं कळलं आणि आम्ही मायलेकी हरखलो.

आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. माझं सगळं लहानपण फडात गेलं. ऊस तुटतो त्या शेताला फड म्हणतात. पाचटानं हात कापायचे, मान आखडायची, आणि दिवाळी झाली की गाव सुटायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास परत दिसायचं. शाळा अशीच अर्धी-अर्धी करून सातवीपर्यंत ओढली, मग सुटली. लग्नानंतर हे सगळं मागं पडलं. मी मनाशी पक्कं केलं होतं की कोयता आता पुन्हा हातात धरायचा नाही, मग काय वाटेल ते होऊ दे.

कारखान्याच्या कॉलनीत आम्हाला क्वार्टर होती. नळ होता, वीज होती, पोरीला जवळ शाळा होती. आमचे हे पॅन हाऊसला होते. उसाचा रस आटवून आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, तो दाणा सारखा पाडायचा, हे ह्यांचं काम. घरी आले की अंगाला मळीचा वास यायचा. बायका नाकं मुरडायच्या, मला तो वास आवडायचा. दर साली दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटायचा, चेअरमन यायचे, नारळ फुटायचे, पहिली मोळी गव्हाणीत पडायची आणि भोंगा झाला की पोरीसकट आम्ही सगळ्या बायका बाहेर येऊन उभ्या राहायचो. मोळी टाकणारे आणि बांधणारे दुसरे कुणी होते. मी क्वार्टरच्या ओट्यावर उभी होते.

मग ते साल आलं. त्याच्या आधीच्या साली उसावर लोकरी मावा पडला होता, पानंच्या पानं पांढरी झाली होती. उरलेला ऊस पाण्यावाचून वाळला. माजलगावच्या धरणात जुन्या गावाच्या भिंती वर आल्या, लोक त्या बघायला जायला लागले. जो ऊस बरा होता तो जनावरांच्या छावणीला गेला. श्रावणातच कारखान्याच्या गेटवर नोटीस लागली की ह्या हंगामाला गाळप होणार नाही. गाळप नाही तर पॅन नाही, पॅन नाही तर पॅनवाला कशाला? क्वार्टरचं पाणी तोडलं. आम्ही सामान टेम्पोत घातलं आणि धारूरच्या घाटावर, ह्यांच्या वस्तीवर आलो. पत्र्याचं घर, पुढं लिंबाचं झाड, आणि घरात माझी सासू. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो.

वस्तीवर तोडीला न जाणारे आम्ही दोघंच. बाकी सगळे ऊसतोडीचेच. आत्याबाईंनीही जन्मभर तेच केलं होतं, आता कंबर गेली म्हणून घरी होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम येऊन ह्यांच्याकडं बघून हसला. म्हणाला, "साहेब, औंदा येता का आमच्यासंग?" मी चुलीपुढं होते. मी तिथनंच म्हणाले, "जा की गुमान, दुसरीकडं बघा." तो वैनी वैनी करत गेला. पण मला त्याचं हसणं रात्रंदिवस दिसायचं, कारण बघायला दुसरीकडं काही नव्हतंच, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

त्यातच तो फोन आला. कारखान्यातले आमचे जुने चीफ केमिस्ट आफ्रिकेत एका साखर कारखान्याला लागले होते. देशाचं नाव ह्यांनी मला कितीदा सांगितलं, माझ्या ध्यानात राहायचं नाही, आम्ही आफ्रिकाच म्हणायचो. त्यांना पॅनवाला पाहिजे होता. धारूरच्या एसटीडी बूथवर हे बोलून आले आणि दारातच थांबून मला म्हणाले, "तिकिटाचं, राहण्याचं ते बघतात. आपण फक्त पासपोर्ट काढायचा." त्या दिवशी मी तव्यावरची भाकरी तशीच करपू दिली. दोन साल हे तिकडं राहिले असते, पैसे आले असते, पोरगी शाळेत राहिली असती, आणि मुकादमाला मी चुलीपुढनं आणखी दोन शब्द ऐकवले असते.

पण हे म्हणाले, कुणाला सांगायचं नाही. आमच्या भागात हे असंच आहे. काम पदरात पडेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, काढलं की दृष्ट लागते. शिवाय शेजारच्या गावातला एक जण दुबईला जातो म्हणून हार घालून, पेढे वाटून निघाला होता आणि एजंटानं फसवल्यावर मुंबईहूनच परत आला होता. त्याला पोरंसोरंसुद्धा अजून "काय दुबई" म्हणून हाक मारायची. ह्यांना त्याची धास्ती. मी म्हणाले, "अवो, निदान आत्याबाईला तरी सांगा." हे म्हणाले, "मायला सांगितलं की ती रडून वस्ती गोळा करील. समुद्रापल्याड जातो म्हटल्यावर ती जेवायची न्हाई." आत्याबाईंना आम्ही एवढंच सांगितलं की कारखान्याकडनं राहिलेल्या पगारासाठी धावपळ चालली आहे.

मग धावपळच सुरू झाली. रेशनकार्ड, मतदार यादी, शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांची एक जूनच आहे, गुरुजींनी ज्याला नेऊन बसवला त्याला तीच घातली. फोटोसाठी स्टुडिओवाल्याचा कोट घातला. कोट मोठा आणि मान बारीक, फोटो बघून मी इतकी हसले की हे रुसले. फॉर्म जिल्ह्याला पोलीस ऑफिसात दिला. तिथला माणूस म्हणाला, आता घरी पोलीस चौकशीला येईल, दोन शेजाऱ्यांना विचारेल, त्यांच्या सह्या घेईल, मग पुढं जाईल.

मी पुन्हा म्हणाले, आत्याबाईंना सांगून ठेवा. हे म्हणाले, "अगं, आपण असूच की घरी." आणि खरंच, हे घरीच बसायला लागले. घरी बसून करायचं काय? तर बुटाची सवय. तिकडं दिवसभर बूट घालावे लागतात म्हणे. हे बूट घालून शेळ्यांच्या मागं जायचे आणि मी दारातून ओरडायचे, "साहेब, शेळी पळाली!" आत्याबाई मला विचारायच्या, "ह्याला काय झालंय गं? पायाला लागलंय का?" आणि मी पदर तोंडाला लावून आत पळायचे. मी माझ्या बाजूनं येसर करायला घेतलं होतं. धान्य, डाळी, मसाला भाजून दळलेलं ते पीठ, नुसत्या गरम पाण्यात घातलं की आमटी होते. परदेशात एकट्या पुरुषाला तेवढंच येईल. एवढं येसर कशाला म्हणून आत्याबाईंनी विचारलं तेव्हा मी माहेरी पाठवायचं म्हणाले. त्या म्हणाल्या, "आईचा लई पुळका आलाय तुला." त्या दिवसांत आमच्या घरात हसू होतं, हे मला अजून नवल वाटतं. विहीर कोरडी, टँकर एक दिसाआड, आणि आम्ही हसत होतो.

पोलीस काही येईना. नवरात्र लागलं. आफ्रिकेहून निरोप आला की अनुभवाचा दाखलाही लागेल. तो कारखान्यातून आणायचा आणि तिथं सही करणारा साहेब आठवड्यातून एकदाच बसायचा. म्हणून त्या दिवशी हे सकाळच्या एस.टी.नं गेले. मी रोजगार हमीच्या कामावर होते, पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकायला. घरी आत्याबाई, लिंबाखाली बाजेवर.

संध्याकाळी मी आले तर आत्याबाईंचा चेहरा नुसता फुलला होता. हे माझ्या मागोमाग आले, हातात दाखला. आत्याबाईंनी दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगायला लागल्या.

"आलता एक जण. फटफटीवर. खाकीतला."

हे उठून उभे राहिले.

"आल्या आल्या तुजं पुरं नाव घेतलं. तुजं, तुज्या बापाचं, आडनावासकट. तवाच म्या वळखलं. पुरं नाव घेऊन कोन इचारतंय? एक मुकादम, न्हाईतर पोलीस."

हे खरं होतं. वस्तीवर कुणाचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. पूर्ण नाव घेतलं की समजायचं, उचल फिटली नाही म्हणून कुणाला तरी न्यायला आलेत. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम. ती फिटायच्या आधी कुणी फडातून आजारी पडून, कंटाळून निघून आला की मुकादम गाडी आणि एखादा ओळखीचा शिपाई घेऊन यायचा. माझ्या सासऱ्यांना असंच ह्याच लिंबाखालून उचलून नेलं होतं, अंगात ताप असताना. हे तेव्हा लहान होते. आत्याबाई गाडीमागं शिवाराच्या टोकापर्यंत पळाल्या होत्या. तेव्हापासून वस्तीवर म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्यांना एकच उत्तर पाठ. कुणीही, कुणाचंही पूर्ण नाव घेऊन विचारलं की तो इथं नाही.

"मला म्हनला, हितं ऱ्हातो का? म्या म्हनलं, कावून? म्हनला, इचारतो तेवढं सांग. म्या सांगितलं, न्हाई ऱ्हात. लई वर्सं झाली गेला. जिता हाय का मेला आमाला ठावं न्हाई."

"माय," हे म्हणाले.

"ऐक की. म्हनला, तू कोन त्याची? म्या म्हनलं, कुनी न्हाई. म्या हितं राखनीला हाय." आणि आत्याबाई हसल्या. "मग त्यानं शेजारचे दोघं बोलवले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं अन् तेच सांगितलं. वस्ती हाय आपली. सगळ्यांनी अंगठे दिले. असा वाटंला लावला बघ, पुना फिरकायचा न्हाई."

हे बाजेवर टेकले. दाखला हातात तसाच. मला काय झालं मला कळलं नाही, मी एकदम ओरडले, "अवो आत्याबाई, काय करून ठेवलंत हे! वाटोळं केलंत की वो आमचं!" त्या दचकल्या. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, आफ्रिका, पासपोर्ट, चौकशी, येसर, बूट. बोलता बोलता रडायला लागले. मला इतका राग आला होता की समोर पाटा होता तो उचलून आपटावासा वाटला. आणि राग कुणावर काढावा तेच कळेना. त्या माउलीनं आपल्या लेकाला वाचवलं होतं.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून अगदी मनापासून विचारलं, "पर पोलिसाला खरं सांगायचं असतंय व्हय गं?"

थोड्या वेळानं त्या ह्यांना म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर." हे खाली मान घालून बसले. त्या संध्याकाळी कुणी जेवलं नाही. पोरगी शेजारी जेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. म्हणाल्या, चला ठाण्यात. जन्मात कधी पोलिसाच्या दारात न गेलेली बाई. आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. तो शिपाई तिथंच होता. माणूस वाईट नव्हता, उगीच खोटं का बोलू? त्यानं आत्याबाईंना बाकावर बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "साहेब, ह्यो माझा ल्योक हाय. हितंच ऱ्हातो. म्या काल खोटं बोलले."

"म्हातारे, तू तर म्हनली व्हतीस कुनी न्हाई त्याची. राखनीला हाय म्हनली व्हतीस."

"आई हाय साहेब. म्याच जलम दिलाय ह्याला."

"मग आता खरं कंचं मानू? कालचं का आजचं?"

त्याचंही खोटं नव्हतं. तीन माणसांनी अंगठे देऊन सांगितलं होतं की हा माणूस इथं राहत नाही, आणि रिपोर्ट सकाळीच जिल्ह्याला गेला होता. तो ह्यांना म्हणाला, "फेरचौकशीचा अर्ज करा. वरून कागद आला की मी पुना येतो." हे म्हणाले, "कधी येईल?" तो म्हणाला, "आता ते का माझ्या हातात हाय?" परत येताना गाडीत आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. घरी आल्यावर लुगडं सोडून घडी घालून ठेवताना मला म्हणाल्या, "मला वाटलं, आपुन जाऊन सांगितलं की व्हतंय."

ह्यांनी अर्ज केला. बूथवर जाऊन आफ्रिकेला फोन केला. केमिस्ट साहेब भले, म्हणाले, गुढीपाडव्यापर्यंत पासपोर्टचा नंबर कळवा, तोवर जागा धरून ठेवतो, पुढं मला नाही जमणार. म्हणजे संपलं नव्हतं. माझ्या जिवात जीव आला. मी येसरचा डबा झाकण घट्ट लावून वरच्या फळीवर ठेवला.

दिवाळी झाली. पोलीस नाही. पाझर तलावाचं काम मंजुरी संपली म्हणून बंद पडलं. कारखान्याकडनं पगाराचं नावच नाही. एकेक करून ट्रक लागायला लागले. वस्तीवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं ट्रकात चढायची, दाराला कुलूप, कुलपाला फडकं, आणि ट्रक गेला की मागं फक्त धूळ आणि कुत्री. आम्ही थांबलो. घरात काय होतं? रेशनचा गहू तेवढा. मी पहाटे उठून पिठाच्या डब्यात हात घालायचे आणि तळ हाताला लागायचा. शेवटचा ट्रक लागायची वेळ आली तेव्हा मुकादम आला. आता तो हसला नाही, हे मला जास्त लागलं.

मी म्हणाले, "हे ऱ्हातील घरी. चौकशी यायची हाय. मला एकटीला न्या."

"वैनी, अर्धा कोयता न्हाई जमत. तुमाला ठावं हाय. तुमी बांधताल, पर तोडनार कोन?"

हे म्हणाले, "मी येतो."

मी ह्यांच्यावर कधी ओरडले नाही अशी ओरडले. म्हटलं, तुम्ही पत्त्यावर राहा, तुमचं तिथं राहणंच तर दाखवायचं आहे! हे म्हणाले, "अन् खायचं काय? पत्ता?" मी गोधड्या बांधायला घेतल्या. हे ठाण्यात जाऊन शिपायाला चिठ्ठी देऊन आले, कुठल्या तालुक्यात, कुठल्या कारखान्याकडं तोडीला जातोय ते लिहून. निरोप धाडा, एका दिवसात येतो म्हणाले. तो हो म्हणाला.

पोरगी आत्याबाईंजवळ ठेवली, तेवढी शाळा सुटली नाही. निघायच्या आधी आत्याबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "तुमी बिनघोर जावा," म्हणाल्या. "आता मला म्हाईत हाय काय सांगायचं." आणि पोरीला पोलीस केलं. पोरगी कंबरेवर हात ठेवून बापाचं पूर्ण नाव घेऊन विचारायची, इथं राहतो का? आणि आत्याबाई ताठ होऊन म्हणायच्या, "हितंच ऱ्हातो. माझा ल्योक हाय. म्या त्याची आई." पोरगी हसायची. त्या हसायच्या नाहीत. पुन्हा म्हणायच्या, इचार. ट्रकाचा हॉर्न वाजेपर्यंत दोघींचं हेच चाललं होतं.

फडातलं काय सांगायचं? हात विसरले नव्हते, पहिल्याच दिवशी मोळी बरोबर बांधली गेली आणि मला त्याचाच संताप आला. ह्यांना तोडता येत नव्हतं. लहानपणी आईबापामागं आले असतील तेवढंच. ह्यांचा हात दाणा बघायचा हात, दोन दिवसांत सोलला. मी दाखवायचे, बुडाशी मारा, वर नको, वाया जातोय. बाकीचे कोयते पुढं निघून जायचे आणि आम्ही मागं. कारखाना तिथून दिसायचा. दुपारी भाकरी खाताना हे त्याच्या वाफेकडं बघत बसायचे, एकदा म्हणाले, "पॅन सोडला बघ आत्ता." मी म्हटलं, "जेवा गप." मला ऐकवत नव्हतं. गाडीवान कारखान्यावर जाऊन आला की हे त्याला विचारायचे, काही निरोप? तो म्हणायचा, कसला? मग विचारणंही बंद झालं.

पाडवा तोंडावर आला तेव्हा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ट्रकानं आम्हाला फाट्यावर सोडलं. बोचकी डोक्यावर घेऊन आम्ही वस्तीवर आलो. पोरगी पळत आली, उंच झाली होती. आत्याबाई दारात उभ्या. टँकरच्या पाण्यातून एक घागर त्यांनी आमच्या पाय धुण्यासाठी राखून ठेवली होती. आणि आम्ही बोचकी खाली ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "आलता!"

ह्यांनी बोचकं तसंच धरून विचारलं, "कधी?"

"पौषात. त्योच, फटफटीवाला. पुरं नाव घेतलं. म्या जरा बी घाबरले न्हाई. म्हनलं, हितंच ऱ्हातो. माझा ल्योक हाय, म्या त्याची आई."

"मग?"

"म्हनला, बोलव त्याला. म्या म्हनलं, आत्ता न्हाई. तोडीला गेलाय. म्हनला, कवापासनं? म्हनलं, दिवाळी झाल्यापासनं. म्हनला, येनार कवा? म्हनलं, पाडव्याला. तर म्हनतो कसा, मंजी अर्धं साल ह्यो मानूस हितं नसतोच म्हन की. म्या म्हनलं, साहेब, तसं तर आमी कुनीच नसतो की."

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही.

"मग म्हनला, दोन शेजारी बोलव सहीला. आता शेजारी कुठनं आनू? सगळ्या दारांना कुलुपं. म्या त्याला फिरवून दावली एकेक. हे ह्याचं, हे त्याचं, समदे तिकडंच गेलेत म्हनलं. त्यानं लिवून घेतलं. म्या अंगठा दिला." आत्याबाईंनी तो अंगठा आम्हाला दाखवला. "आन सांगते, ह्या बारीला एक शब्द खोटा बोलले न्हाई. पोरीला इचार. पोरगी हुती संगं."

पोरीनं मान हलवली. त्यानं काय लिहिलं असेल ते मला कळलं. जे पहिल्यांदा लिहिलं होतं तेच. आत्याबाईंनी घागर पुढं केली आणि ह्यांच्या तोंडाकडं बघून विचारलं, "मग आता देतील न्हवं रं?"

ह्यांनी बोचकं खाली ठेवलं. मला वाटलं आता सांगतील, आणि मला वाटलं सांगू नये.

"देतील की, माय," हे म्हणाले, आणि पाय धुवायला वाकले.